खांदेरीचा दगड आणि अर्धं गाणं

दोस्तांनो, अलिबाग म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? समुद्र, ओहोटीला चालत गाठता येणारा कुलाबा किल्ला आणि परतताना आणलेली पांढऱ्या कांद्याची माळ. होय ना? आज मात्र डोळ्यांना जरा सुट्टी. अलिबाग, थळ आणि खांदेरी ही सहल आज आपण कानांनी करायची.

सोबत माझा भाचा आहे. तो नववीत शिकतो. त्याच्या खिशात फोन आहे आणि फोनमध्ये एक गाणं. गाणं कसलं, अर्धं गाणं! त्यात शब्द नाहीत. फोनवरच्या ॲपमध्ये ठेके, सूर आणि बाहेरून टिपून आणलेले आवाज एकावर एक रचून पठ्ठ्यानं ते घरीच बनवलंय. पण दोन मिनिटं वीस सेकंदांवर घोडं अडलंय ते अडलंयच. मित्रांना पाठवलं, तर सगळ्यांनी अंगठ्याचं चित्र धाडलं. आई म्हणाली, "छान आहे हो!" आता मला सांगा, या 'छान'चं करायचं काय? पुढं कुठला स्क्रू पिळायचा, ते त्यात कुठं लिहिलेलं असतं?

शेवटी मी त्याला म्हटलं, "ज्यांच्याकडून आवाज आणलेस, त्यांनाच ऐकव की!" आणि आम्ही निघालो.

अलिबागमध्ये पहिला मुक्काम भूचुंबकीय वेधशाळेच्या फाटकाशी. गाण्याचा आणि वेधशाळेचा काय संबंध, असं विचाराल. आहे बरं का! पूर्वी पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी मुंबईत, कुलाब्याला घेत. मग मुंबईत विजेच्या ट्रॅमगाड्या आणायचं ठरलं. तारेतून वीज वाहू लागली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतंच. कुलाब्याच्या नाजूक यंत्रांना ते सोसणार कसं? म्हणून १९०४ साली शास्त्रज्ञ आपली यंत्रं घेऊन खाडीपलीकडे अलिबागला आले. इमारत बांधतानासुद्धा लोखंड टाळलं. आणि गंमत पहा, जुनी जागा त्यांनी लगेच सोडली नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी घेतल्या, एकमेकींशी ताडून पाहिल्या, मगच नव्या जागेवर भरवसा ठेवला. विजेची ट्रॅम धावली ती १९०७ मध्ये.

भाच्याच्या गाण्यात सुरुवातीपासून एक बारीक 'घूंऽऽ' ऐकू येतं. त्यानं एका बेंजोचा आवाज वायर जोडून घेतला होता. बेंजोच्या तारांखाली तारेचं वेटोळं असलेला पिकअप असतो. तो तारांची थरथर पकडतो, पण जवळपासच्या विजेचं चुंबकीय क्षेत्रही पकडतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, म्हणून ती घूं. म्हणजे शास्त्रज्ञांना ज्या गोष्टीनं मुंबईबाहेर काढलं, तीच याच्या गाण्यात येऊन बसली होती! हे ऐकल्यावर स्वारी जरा खूश झाली.

तिथून उत्तरेला थळ. थळच्या समोर समुद्रात दोन बेटं दिसतात, खांदेरी आणि उंदेरी. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. सिद्दीनं मग शेजारची उंदेरी बळकावली. २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात खांदेरी आहे. थळहून बोटीनं तिकडे जातात. बेटावर दीपगृह आहे, कोळी बांधवांचा वेताळ आहे आणि आम्हाला हवा होता तो दगड आहे.

दिसायला साधाच धोंडा. पण लहानशा खड्यानं त्यावर टिचकी मारा, 'टण्ण' असा भांड्यासारखा आवाज येतो! दगड धातूसारखा का वाजावा? घरातली झांज आठवा. ती आपण दोरीनं धरतो. हातात गच्च धरली तर आवाज तिथंच मरतो. घट्ट, अखंड दगड मोजक्याच ठिकाणी टेकलेला असला की त्याची थरथरही अशीच मोकळी राहते आणि तो वाजतो. (येणारा प्रत्येक जण जोरजोरात बडवू लागला तर धोंडा किती दिवस टिकेल? तेव्हा टिचकीच पुरे.) भाच्यानं हा आवाज मागच्या फेरीत टिपून आणला होता. बाहेरच्या आवाजांचं संगीत करायची कल्पना काही आजची नाही. १९४८ साली पिअर शेफेर नावाच्या फ्रेंच माणसानं आगगाड्यांचे आवाज मुद्रित करून त्यांची रचना केली आणि ती पॅरिसच्या रेडिओवर वाजली. त्याला आगगाडी मिळाली, आपल्याला खांदेरी.

खरी परीक्षा थळला परतल्यावर होती. ज्या बेंजो पथकाकडून भाच्यानं आवाज घेतला होता, ती दादामंडळी संध्याकाळी सराव करत होती. तुम्ही वरातीत बेंजो ऐकला असेलच. टाइपरायटरसारखी बटणं आणि खाली तारा. हे वाद्य मूळचं जपानी, १९१२ साली नागोया शहरात तयार झालं. पण कोकणात ते असं मुरलंय की त्याला परकं म्हणायची कुणाची छाती नाही!

दादांनी गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मान डोलली, पण पाय हलले नाहीत. मग ढोलकीवाले दादा म्हणाले, "चाल आमची घेतलीस, पण नाचायला नाय येत. का, ते सांगू?" आणि त्यांनी मांडीवर ठेका धरला. कोळीगीत बहुतेक सहा मात्रांत झुलतं, तीन आणि तीन. लाटेवरची होडी झुलते तसं. भाच्याच्या ॲपनं मात्र न विचारता चाराचा ठेका लावून ठेवला होता. चाल एकीकडे, पाय दुसरीकडे. गेले दोन महिने त्याला जे खटकत होतं पण सापडत नव्हतं, ते दादांनी अर्ध्या मिनिटात बोटावर मोजून दाखवलं.

घूं मात्र त्यांना आवडली. "राहू दे, पथकाचा स्पीकर चालू केल्यावर असाच आवाज येतो," म्हणाले. आता वेधशाळावाल्यांचं ऐकायचं की दादांचं? भाच्यानं ती ठेवली आहे. माझं मत विचाराल तर मी काढली असती. पण गाणं माझं नाही.

शेजारी जाळ्यांच्या ढिगाजवळ एक आजी बसल्या होत्या. त्यांनाही ऐकवलं. शेवटाला बोटीच्या इंजिनाचा आवाज आहे. आजी म्हणाल्या, "पोरा, ही होरी चालली का परतली?" भाचा गप्प. आजी म्हणाल्या, भरून परतणाऱ्या होडीचं इंजिन जड वाजतं, रिकामीचं हलकं. घरात बसलेल्या बायकांना त्यावरून कळतं, आज मासळी आहे का नाही ते.

पण आजी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. गाण्याच्या मध्यावर आठ सेकंदांचा एका बाईचा आवाज आहे. एका लग्नात धवलारीण धवले गात होती, तेव्हा भाच्यानं फोन पुढं करून तो घेतला होता. तुकडे करून ठेक्यावर बसवला होता. सबंध गाण्यातली हीच जागा सगळ्या मित्रांना आवडली होती, अंगठे आले ते बहुतेक तिच्यासाठीच. आजींनी विचारलं, "तिला सांगितलंस?" नव्हतं सांगितलं. आजी म्हणाल्या, "हे लग्नातलं देवाचं गाणं. मध्येच तोडलंस, आता ते कुणाचं लग्न लावणार?"

रागावल्या नाहीत हो त्या. पण भाच्याचा चेहरा उतरला. रात्री त्यानं त्या आठ सेकंदांवर बोट ठेवलं, बराच वेळ तसाच बसला आणि मग ते पुसले. आता तिथं नुसता खांदेरीचा दगड वाजतो, टण्ण, आणि मग काहीच नाही.

मी त्याला चरणजित सिंग यांची गोष्ट सांगितली. मुंबईचे हे वादक हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवायचे. १९८२ मध्ये त्यांनी सिंथेसायझर आणि ताल वाजवणारं यंत्र घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले आणि तबकडी काढली. फारसं कुणी विचारलं नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली आणि ऐकणारे चकित झाले, की हा आवाज आमच्याकडे यायच्या आधीच मुंबईत कुणी काढला? २८ वर्षांनी दाद आली! "पण मामा," भाचा म्हणाला, "त्यांचं निदान पूर्ण तरी होतं." यावर मी काय बोलणार?

तुमच्यापैकी कुणी असं काही घरात बनवत असेल, तर 'कसं वाटलं?' असं विचारू नका. 'कुठं कंटाळा आलास?' विचारा, 'कुठं पाय हलला?' विचारा. आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघा.

गाणं अजून अर्धंच आहे. ठेका सहाचा झालाय. शेवटची बोट परतणारी करायची, असं त्यानं ठरवलंय, पण भरल्या होडीचा आवाज त्याच्याकडे नाही. आम्ही गेलो ते मे महिन्याच्या शेवटी. १ जूनपासून ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. होड्या ओढून किनाऱ्यावर घेतल्या आहेत, त्यांच्यावर ताडपत्र्या पडल्या आहेत. भाच्यानं कॅलेंडरवर १ ऑगस्टला पेन्सिलीनं गोल केलाय.