एकशेवीसचा सूर

घरात टेबलाखाली संगणक असेल तर आज रात्री रस्ता शांत झाल्यावर एवढं कराच. गिफ्टपेपर संपल्यावर उरते ती पुठ्ठ्याची नळी घ्या, एक टोक कानाला लावा आणि दुसरं टोक चालू संगणकाच्या डब्यावरून हळूहळू फिरवा. इतकी वर्षं मी ज्याला ‘कॉम्प्युटरचा आवाज’ म्हणत होते, तो एक आवाज नाहीच मुळी! मागून एक, खालून वेगळाच, मध्येच एक बारीक चिरका. आणि प्रत्येकाला पत्ता आहे, अगदी घर नंबरासकट!

मला हे वेड लागलं ते एका घरघरीमुळे. थंडीत सकाळी बटण दाबलं की घर्रर्र सुरू, आणि चहा होईपर्यंत आपोआप बंद. दुरुस्तीवाला आला दुपारी. तेव्हा अर्थातच सगळं शांत, आणि त्याने माझ्याकडे पाहिलं ते विचारूच नका. मग भाच्याला फोन लावला. “मावशी, काही बदलू नकोस,” तो म्हणाला, “नुसतं ऐक. कधी येतो, कधी थांबतो आणि कुठून येतो, एवढंच सांग.”

‘कधी’चं उत्तर तर माझ्याकडे होतंच: थंड असताना येतो, तापल्यावर जातो. त्यावरूनच त्याने फोनवर निदान केलं. स्वस्त पंख्यात दांडी एका तेल मुरवलेल्या छोट्या नळीत फिरते. वर्षं गेली की ते तेल आटतं, घट्ट होतं आणि गार सकाळी दांडी कोरडी खडखडते. तापलं की उरलंसुरलं तेल पातळ होऊन पसरतं आणि पंखा मुकाट होतो. ‘कुठून’साठी मात्र कॅबिनेटची बाजूची पत्र्याची झडप काढावी लागली. आत तीन पंखे! पेन्सिलीचं खोडरबराचं टोक पंख्याच्या मधल्या गोल भागावर, पात्यांवर नव्हे, अलगद टेकवलं. पहिला पंखा थांबला, घरघर चालूच. दुसरा थांबला, चालूच. तिसऱ्याला टेकवलं आणि… गप्प! मी टाळी वाजवली. घरात कोणी नव्हतं हे बरं.

थोडं सावधगिरीचंही सांगते, कारण उत्साहात माणूस हात कुठेही घालतो. काही काढायचं-घालायचं किंवा पुसायचं असेल तर आधी यंत्र बंद, पिन बाहेर, आणि मग एकदा लोखंडी सांगाड्याला हात, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. धूळ फुंकताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, नाहीतर हवेच्या झोताने पंखा भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. आणि वायर जाते तो डबा, एसएमपीएस, तो कधीही उघडायचा नाही. आपल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यातून त्याच्या आतले कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास भरलेले असतात आणि पिन काढल्यावरही काही वेळ तसेच राहू शकतात. तिथला आवाज ऐकायचा तो बाहेरूनच.

आता खरी गंमत. फोनवर आवाजातल्या कंपनसंख्या आलेखात दाखवणारं एक फुकट ॲप मिळतं. फोन हार्ड डिस्कजवळ धरला, तर पडद्यावर एक ताठ सुळका उभा राहिला: १२०. मी डिस्कवरचं लेबल वाचलं: ७२००. म्हणजे मिनिटाला ७२०० फेरे. भागिले साठ… एकशेवीस! अहो, डोळ्यांना न दिसणारी तबकडी सेकंदाला किती वेळा फिरते ते मी स्वयंपाकघराच्या स्टुलावर बसून मोजलं होतं! लॅपटॉपातल्या जुन्या ५४०० वाल्या डिस्कचा सुळका असाच ९० वर यायला हवा, आणि आलाच.

माझ्या कॅबिनेटमध्ये अशा दोन डिस्क आहेत. त्यातून एक घुमारा यायचा, वाढणारा, ओसरणारा, पुन्हा वाढणारा, आणि त्याचा उगम नळीलाही सापडेना. सापडणार कसा? तो कुठल्याच एका डिस्कचा नव्हता! दोघींचा वेग जवळजवळ सारखा, पण अगदी तंतोतंत नाही, म्हणून दोन सूर एकमेकांवर हेलकावत होते. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा जुळवताना, अजून थोड्या बेसूर असताना, जी लाट ऐकू येते तीच ही. फरक इतकाच की इथे खुंट्या नाहीत. एका डिस्कखाली रबराचे वायसर घातल्यावर पत्रा गुणगुणायचा थांबला आणि लाटही विरली.

सगळेच आवाज असे लाडाचे नाहीत. डिस्कमधून ‘टक… टक… टक’ असं ठरावीक अंतराने येऊ लागलं तर दुसरं काही करू नका, फोटो आणि कागदपत्रं लगेच दुसरीकडे उतरवून घ्या. तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगणारं हेड आपली खूण शोधतं, सापडत नाही, परत जागेवर येतं, पुन्हा जातं. ही बहुधा डिस्कची शेवटची घरघर असते.

आता त्या बारीक चिरक्याकडे येते. मी लांबलचक पान माउसने सरकवलं की ‘चुईं’ आणि थांबवलं की शांत! पंखा नाही, डिस्क नाही, हलणारं काहीच नाही, मग वाजतं काय? भाचा म्हणाला, “कॉइल.” मदरबोर्डवर आणि ग्राफिक्स कार्डावर तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या असतात. काम वाढलं-घटलं की त्यांतला प्रवाह झपाझप बदलतो आणि त्या थरथरतात. शेजारचे चिमुकले सिरॅमिक कपॅसिटरही वाजतात, कारण त्यांतला पदार्थ विजेच्या दाबाने आकार बदलतो. वीज आणि दाब यांचं हे नातं प्येर आणि झाक क्यूरी या भावांनी १८८० मध्ये शोधायला घेतलं. ते माझ्या टेबलाखाली चुईं करतंय! गल्लीतली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, गुणगुणतो त्यातही असाच प्रकार आहे: ५० हर्ट्झच्या विजेवर त्याचा गाभा सेकंदाला शंभर वेळा आकुंचन-प्रसरण पावतो. मी ॲप घेऊन खाली गेले, सुळका शंभरवरच होता. वॉचमन बघत होते, बघू देत.

पण ऐका, यापुढचं वाचून मी रात्री झोपले नाही. २०१३ मध्ये डॅनियल गेन्किन, अदी शमीर आणि एरन ट्रोमर या संशोधकांनी लॅपटॉपची हीच चुईं मायक्रोफोनने टिपून त्यातून आरएसए या कूटलेखन पद्धतीची ४०९६ बिटांची गुप्तकिल्ली काढून दाखवली! लॅपटॉपला हात न लावता, तासाभराच्या आत. त्या ‘आरएसए’तला ‘एस’ म्हणजेच हे शमीर, ज्यांनी कुलूप बनवलं त्यांनीच ते कान लावून उघडलं.

आणि उलटही होतं, आवाज यंत्राला छळतो. २००८ मध्ये ब्रेंडन ग्रेग हा अभियंता डिस्कच्या रॅकवर जोरात ओरडला आणि आलेखात डिस्क अडखळलेल्या दिसल्या. रेमंड चेन या मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याने २०२२ मध्ये सांगितलेला किस्सा तर कळस आहे. जॅनेट जॅक्सनचं ‘रिदम नेशन’ लावलं की काही लॅपटॉप बंद पडायचे, शेजारी नुसता ठेवलेला लॅपटॉपसुद्धा! त्यांतल्या ५४०० वाल्या डिस्कची नैसर्गिक कंपनं गाण्यातल्या एका सुराशी जुळत होती. शेवटी कंपनीला ती कंपनसंख्या गाळणारी चाळणीच बसवावी लागली.

माझा पंखा बदलून झाला. १२० मिलिमीटरचा, यावेळी फ्लुइड बेअरिंगचा, म्हणजे तेलावर तरंगणारा. इतका शांत की आता मागचा एसएमपीएसचा पंखा स्पष्ट ऐकू येतो, आणि त्यात काहीतरी लयबद्ध आहे, खात्रीने आहे. काल ताईचा फोन आला, त्यांचा इन्व्हर्टर म्हणे रात्री हुंकारतो, माणूस बोलवू का? “कोणाला बोलवू नकोस,” मी म्हटलं, “फोन त्याच्यावर ठेव आणि बाजूला हो. मला ऐकू दे.”