साहेब मागून येतायत का?

कर्जतला गाडी बदलून खोपोलीला उतरले. खालापूरच्या एका कारखान्याचं सेफ्टी ऑडिट. गेटवर ठरलेला प्रश्न : "मॅडम, साहेब मागून येतायत का?" हल्ली उत्तर देत नाही, हेल्मेट मागते.

बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हवरची तपासणीची तारीख उलटून गेलेली. मॅनेजर म्हणाले, "एवढं चालतं हो." नाही चालत. तसंच अहवालात लिहिलं. ज्याच्याकडून फी घ्यायची त्यालाच नको ते ऐकवायचं, सल्लागारीतली खरी गोम ही. बाईपणाचं नंतर.

शकुंतला भगत १९५३ साली व्हीजेटीआयमधून सिव्हिल इंजिनिअर झाल्या, पुढे पूल बांधले. त्यांना गेटवर काय विचारत असतील कोण जाणे!

बैठकीत आता माझ्याकडच्या दोघी मुली बोलतात, टिपणं मी घेते. पुढच्या महिन्यापासून खालापूरची कामं त्यांचीच; अहवालावर सहीही त्यांचीच.