रहाटणीची सकाळ व केडगांवची वाट

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे तें काशी-रामेश्वराचें, निदान पंढरीचें तरी असावें, अशी वाचकांची साहजिक अपेक्षा असते. प्रस्तुत लेखकाचा प्रवास इतका मोठा नाहीं. तो आमच्या रहाटणींतील एका जिन्याच्या माथ्यावर सुरू झाला आणि पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगांवीं संपला. सारी मिळून एका दिवसाची मजल. परंतु साठी उलटलेल्या मनुष्यास तींत जें शिकावयास मिळालें, तें त्याच्या उभ्या जन्माच्या शिक्षकीनें त्यास शिकविलें नव्हतें. म्हणून हा लेख.

रहाटणी हें पवनेच्या कांठचें गांव. नदीपलीकडे पिंपरी; वरच्या अंगास चिंचवड, तेथें मोरया गोसाव्यांची समाधि; आणि थोड्या अंतरावर इंद्रायणीच्या कांठीं तुकोबांचें देहू. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, मागोमाग मोटारींचे व यंत्रांचे कारखाने आले, १९८२ सालीं महानगरपालिका झाली, आणि ज्या शिवारांत ज्वारी-बाजरी डोलत असे तेथें इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. पोटासाठीं नगर, बीड, लातूर, जळगांव अशा चहूं दिशांचीं माणसें येथें आलीं. एकाच जिन्यावर चार जिल्ह्यांची मराठी ऐकूं यावी, अशी आमची वस्ती.

माझा नित्यक्रम असा. पहाटे पांचास उठावें. स्नान, संध्या, देवपूजा व विष्णुसहस्रनाम आटोपून साडेसहाच्या सुमारास दूध घेण्यास दार उघडावें. उच्चारांत दोष नाहीं, ऱ्हस्वदीर्घांत चूक नाहीं, याचा मला थोडासा अभिमानच होता. समोरच्या बिऱ्हाडीं एक ख्रिस्ती कुटुंब राहतें. गृहस्थ माझ्याच वयाचे. कारखान्यांत लेथवर सारा जन्म काढून आतां घरीं बसलेले. मूळचे नगर जिल्ह्यांतले, ज्या नगराचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे. त्या घरचीं सगळीं माणसें रोज सकाळीं बैठकींत सतरंजीवर बसतात. आधीं टाळांवर एक पद, मग पवित्र शास्त्रांतील एक लहानसा उतारा, मग कांहीं वेळ अगदीं शांतता, आणि शेवटीं प्रार्थना. उकाड्यामुळें त्यांचें दार उघडें असे. मी दुधाची पिशवी हातांत घेऊन दोन मिनिटें अधिक रेंगाळत असें, हें कबूल केलें पाहिजे. कारण चाल ओळखीची वाटे. पुढें कळलें कीं, त्यांतील पुष्कळ पदें रेव्हरंड नारायण वामन टिळकांचीं आहेत. १८९५ सालीं ख्रिस्ती झालेला हा कोंकणस्थ कवि, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों, असें सांगत असे. देहूच्या इतक्या जवळ राहणाऱ्यास ती चाल परकी कशी वाटावी?

एके दिवशीं त्यांचा आठ-नऊ वर्षांचा नातू दारांत येऊन म्हणाला, "आजोबा, 'नीतिमत्त्व' म्हणजे काय? आमचे आजोबा म्हणतात, गुरुजींना विचारून ये." शिक्षकास याहून मोठें आमंत्रण कोणतें? मी तसाच आंत गेलों. 'नीति', तिला 'मत्' प्रत्यय, त्यावर भाववाचक 'त्व', असा पदच्छेद करून दिला. चार उदाहरणेंहि सांगितलीं. सर्वांनीं आदरानें ऐकून घेतलें. मग गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, शब्द कळला. आतां बसा. तो करायचा कसा, तें पुढें लिहिलं आहे, तेवढं वाचूं."

उतारा मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायांतला होता. त्याचा आशय असा कीं, देवापुढें अर्पण घेऊन उभा असतां, आपल्या भावाच्या मनांत आपल्याविषयीं कांहीं किल्मिष आहे, हें जर तुला आठवलें, तर अर्पण तेथेंच ठेव, आधीं भावाची समजूत घालून ये आणि मग तें अर्पण कर. वाचन संपलें. पांच मिनिटें कोणी बोललें नाहीं. नंतर प्रत्येकानें, या वाक्यानें आज आपल्याकडे काय मागितलें तें सांगितलें. सून म्हणाली, कचेरींत एका सहकारिणीस ती टाकून बोलली होती. नातवानें सोबत्याची पेन्सिल लपविल्याचें सांगून टाकलें. गृहस्थ बराच वेळ खालीं पाहत होते. गांवच्या विहिरीवर बसविलेल्या मोटारीच्या खर्चावरून धाकट्या भावाशीं त्यांचें दोन वर्षें बोलणें नव्हतें. ते उठले, फोन उचलला आणि भावास लावला. पहिल्यानें कोणी घेतला नाहीं. दुसऱ्यांदा घेतला. हे इतकेंच म्हणाले, "काय रे, पाणी आहे का विहिरीला?" पलीकडून काय उत्तर आलें तें मला ऐकूं आलें नाहीं; परंतु बोलणें बरेंच लांबलें.

मी निघतांना म्हटलें, "पण आपली प्रार्थना तर अर्धीच राहिली!" ते म्हणाले, "आधीं तेंच कर म्हणून लिहिलं आहे ना, गुरुजी? आतां पुरी करतों."

घरीं आलों तों देव्हाऱ्यांतील समई अजून जळत होती, आणि त्या उताऱ्यांतील एक बारकावा माझ्या मनांतून जाईना. भाषेचा व्यासंग असलेल्याची नजर शब्दावर जाते. तुझ्या मनांत भावाविषयीं कांहीं असेल तर, असें तेथें म्हटलेलें नाहीं. भावाच्या मनांत तुझ्याविषयीं असेल तर, असें म्हटलें आहे. स्वतःचा राग आवरणें सोपें. मीं तो केव्हांच आवरला होता आणि त्याबद्दल स्वतःस शाबासकीहि दिली होती. परंतु दुसऱ्याच्या मनांतील शल्य हेंहि माझेंच काम आहे, असें मला कोणीं सांगितलें नव्हतें. अथवा आपल्याच ग्रंथांनीं सांगितलें असून मीं तें नुसतें म्हटलें होतें.

हें शल्य कोणतें, तें सांगितल्याखेरीज लेख प्रामाणिक होणार नाहीं. आमचें मूळ घर वाईस आहे. तेथें धाकटे बंधु राहतात. मातोश्रींचें शेवटलें दुखणें चार वर्षें चाललें. तें धाकट्या वहिनींनीं काढलें आणि घरचे देवहि त्यांनींच पूजिले. मातोश्रींच्या वर्षश्राद्धानंतर मीं ज्येष्ठत्वाच्या अधिकारानें देव्हारा उचलून रहाटणीस आणला. कोणास विचारलें नाहीं. वहिनी दारांत उभ्या होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. त्यास नऊ वर्षें झालीं. तेव्हांपासून दोन घरांत लग्नपत्रिकेपुरताच व्यवहार उरला. म्हणजे रोज पहाटे ज्या देवांपुढें बसून मी सहस्रनाम म्हणतों, त्या देवांमुळेंच भावाचें मन माझ्याविषयीं दुखावलेलें होतें!

त्यानंतर थोड्याच दिवसांनीं शेजाऱ्यांनीं केडगांवीं येण्याविषयीं विचारलें. त्यांची आजी १९०० च्या दुष्काळांत पोरकी होऊन तेथील मुक्ति-सदनांत वाढली होती. म्हणून ते वर्षांतून एकदां तेथें जातात. मी जरा घुटमळलों. पंडिता रमाबाईंचें नांव आमच्या घरांत विद्वत्तेच्या कौतुकानें व धर्मांतराच्या खेदानें, असें दोन्ही स्वरांत घेतलें जाई. तरी गेलों.

पिंपरीहून लोकलनें पुणें, तेथून दौंडची गाडी. हडपसर मागें पडलें कीं माळ व मळे आळीपाळीनें दिसूं लागतात. उरुळी कांचन आलें. येथें १९४६ सालीं महात्मा गांधींनीं निसर्गोपचाराचा आश्रम काढला. पुढें यवत, आणि मग उंसाच्या मुलखांतलें केडगांव. वाटेंत शेजाऱ्यांनीं पिशवींतून एक पुस्तक काढून आपला उतारा वाचला, डोळे मिटले आणि मग डबा उघडून माझ्यापुढें केला. गाडींत काय, घरांत काय, त्यांच्या उपासनेस सोवळें लागत नाहीं. लागतें तें इतकेंच कीं, वाचलेलें दिवसभर सोबत असावें.

रमाबाईंची हकीकत वाचकांस ठाऊकच आहे. वडिलांनीं लोकापवाद सोसून पत्नीस व मुलीस संस्कृत शिकविलें; दुष्काळांत आईबाप गेले; १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं त्यांस 'सरस्वती' ही पदवी दिली; १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला; १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढलें व पुढल्या वर्षीं तें पुण्यास आणलें. १८९३ सालीं पुण्यांत मोठें वादळ उठलें. त्याचें मूळ, नीट पाहिलें तर, एका सकाळच्या प्रार्थनेंत होतें. बाई आपल्या खोलींत रोज शास्त्र वाचून प्रार्थना करीत, आणि दार लावून घेत नसत. कांहीं मुली आपण होऊन जवळ येऊन बसत. दार लावा, असा लोकांचा आग्रह. तो बाईंनीं मानला नाहीं. पालकांनीं मुली काढून नेल्या. न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्यांनींहि सल्लागार मंडळ सोडलें. पालकांची भीति निराधार होती, असें मी म्हणत नाहीं; घरचें मूल दुसऱ्या पंथास जाईल ही भीति कोणाहि आईबापास खरीच वाटते. परंतु दाराची ही गोष्ट केडगांवीं ऐकतांना मला आमच्या जिन्यावरचें दार आठवलें. तें लाविलेलें असतें, तर मी अद्याप आपल्या शुद्ध उच्चारांतच समाधान मानीत राहिलों असतों.

मुक्ति-सदनाचें आवार मोठें आहे; झाडी दाट, घरें साधीं. निराधार स्त्रिया व मुली यांचा सांभाळ तेथें आजहि होतो. तेथें माझ्या मनावर सर्वांत अधिक ठसलें तें बाईंचें अखेरचें काम. ज्यांस पंडितांनीं मान दिला, त्या बाई उतारवयांत इब्री व ग्रीक शिकल्या आणि त्यांनीं संपूर्ण बायबलाचें मराठी भाषांतर केलें. तेंहि, संस्कृतप्रचुर शब्द टाळून, खेड्यांतल्या अडाणी बाईस ऐकतांच कळावें अशा भाषेंत. खिळे जुळविणें व छापणें हें काम सदनांतल्याच स्त्रियांनीं केलें. १९२२ च्या एप्रिलांत बाई वारल्या; ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. शेजारी म्हणाले, "आजीला अक्षरओळख तिथंच झाली. ती रोज एक ओळ वाचायची आणि भाकऱ्या थापतांना ती ओळ बोलायची."

परतींच्या गाडींत मी त्यांस म्हटलें, "आमच्याकडे श्रवण, मनन व निदिध्यासन अशा पायऱ्या सांगितल्या आहेत." ते म्हणाले, "मग एकच जिना दिसतो." पुढें वाचनांत आलें कीं, युरोपांत बाराव्या शतकांत गीगो नांवाच्या एका मठवासी साधूनें वाचन, मनन, प्रार्थना व ध्यान अशा चार पायऱ्यांची शिडी वर्णिली आहे. सिद्धान्तांत आमचें व त्यांचें अंतर मोठें आहे, आणि तें झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. माझे देव मला पुरेसे आहेत. परंतु वाचलेल्या वाक्यास रोज एक प्रश्न विचारावा, कीं आज तूं माझ्याकडून काय मागतोस. आणि उत्तर मिळाल्यावर आधीं तें करावें, मग आरती. ही रीत कोणाच्याहि देव्हाऱ्यापुढें चालण्यासारखी आहे. आमची मुलें नित्यकर्म सोडतात, म्हणून आपण हळहळतों. त्यांनीं आपल्या पठणानंतर आपल्या वागणुकींत कांहीं बदललेलें कधीं पाहिलें काय, हें मात्र आपण विचारीत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पहाटे संध्या झाली, आणि सहस्रनाम सुरू करण्यापूर्वीं मी थांबलों. कागद घेतला व वाईस पत्र लिहिलें. फोनवर शब्द फुटला नसता. ज्येष्ठत्वाचा उल्लेख टाळला. बंधूंस न विचारतां देव आणले ही माझी चूक झाली; अन्नपूर्णा व बाळकृष्ण धाकट्या वहिनींच्या हातच्या पूजेचे आहेत, ते घेऊन मी सपत्नीक येतों, इतकेंच लिहिलें. पत्र पेटींत टाकून आल्यावर मग सहस्रनाम म्हटलें. त्या दिवशीं दोन ठिकाणीं अडखळलों. पुष्कळ वर्षांत असें झालें नव्हतें.

आठव्या दिवशीं उत्तर आलें. अक्षर वहिनींचें होतें. देवांविषयीं त्यांत एक शब्दहि नव्हता. केव्हां येतां आणि किती पानें मांडावयाचीं, तेवढें अगोदर कळवावें, असें लिहिलें होतें.