काळा धागा

आमच्या गावाचं नाव सरकारदरबारी आंजी (मोठी) असं लिहितात. मोठेपणा कंसात ठेवण्याइतकं आमचं गाव नम्र. त्यातून वर्धा जिल्हा पडला अहिंसेचा. सेवाग्रामला गांधीजी १९३६ पासून राहिले, पवनारला विनोबा. तेव्हा आम्हा पोट्ट्यांना तलवार बघायची तर सिनेमातच, आणि सिनेमा गणपतीतच. मंडळ भाड्यानं रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ आणी, अन् एका रात्रीत तीन कॅसेटी दाखवून भाडं वसूल करी.

आमची खरी भक्ती राजवाडे-जादूगारवाल्या सिनेमांवर. मनमोहन देसाईंचा १९७७ सालचा ‘धरम वीर’ घ्या. धर्मेंद्र आणि जितेंद्र त्यात चक्क जुळे भाऊ! साम्य एवढंच, की दोघांनाही दोन-दोन हात. लोहाराघरी वाढलेल्या धर्मेंद्रचा आखूड झगा बघून आजी कळवळली, “याच्या मायनं याले धोतर नाई का देल्लं, बापा?” मग १९८५ च्या ‘पाताल भैरवी’त कादर खान मांत्रिक झाला. तिकडे अमेरिकेत १९८२ साली अर्नॉल्ड श्वार्झनेगरनं ‘कोनन’ होऊन हाच उद्योग केला. खर्च जास्त आला, एवढंच.

माझे बाबा मास्तर. अंगात खादी, झुरळसुद्धा सुपात घेऊन बाहेर सोडत. असले सिनेमे म्हणजे हिंसा आणि अंधश्रद्धा एकाच पंगतीत, असं त्यांचं मत. मला सक्त मनाई होती. म्हणून एका गणपतीत मी मागच्या दारानं पसार झालो.

तिसरा सिनेमा लागला तेव्हा निम्मा गाव पेंगत होता. नाव आठवत नाही. कॅसेट इतकी झिजलेली, की पडद्यावर नावांऐवजी मुंग्याच धावत होत्या. जादूगाराचा गालिचा उडाला आणि त्याला बांधलेली तार मला लख्ख दिसली. हसायला कोणी सोबती मिळतो का म्हणून मागं वळलो, तर कंदील घेऊन बाबा उभे! मला न्यायला आले होते. पण त्यांची नजर माझ्यावर नव्हतीच. गालिच्यावर होती. तोंड लहान पोरासारखं उघडं. मी गुपचूप मान पुढं वळवली. सिनेमा संपेपर्यंत बाबा तसेच उभे होते.

परतताना ते बोलेनात. आमच्या घरी मार नव्हता, मौन होतं. ते जास्त लागे. देवळाच्या वळणावर त्यांनी विचारलं,

“गालिच्याले तार होती काय रे?”

“नाई जी. मले नाई दिसली.”

दहा पावलं गेल्यावर म्हणाले, “मलेही नाई दिसली.”

घरी त्या मनाईचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढे कधीतरी बाबूभाई मिस्त्रींबद्दल वाचलं. १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’त त्यांनी काळ्या धाग्यानं वस्तू अधांतरी नाचवल्या, लोक त्यांना ‘काला धागा’च म्हणू लागले. वाटलं, हे बाबांना सांगावं. पण तोवर बाबा राहिले नव्हते.

एका अर्थी बरंच झालं. जन्मभर खरं बोललेला तो माणूस माझ्यासमोर एकदाच खोटं बोलला होता. धाग्याचा विषय काढला असता, तर बिचाऱ्याला पुन्हा बोलावं लागलं असतं. आणि मलाही.