स्वप्नात जाग येणे : भोंदूगिरी की विज्ञान?

गेल्या महिन्यात विहाराच्या मागच्या खोलीत भरणाऱ्या आमच्या अभ्यासवर्गात आम्ही एक विषय काढला आणि सगळे हसले. विषय असा होता की, स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' असे माणसाला कळू शकते. एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "दादा, तुम्हीसुद्धा बुवाबाजीच्या नादी लागलात काय?" दुसरा म्हणाला, "आता उद्या आत्मा शरीराबाहेर फिरतो म्हणून सांगाल." आम्हाला राग आला नाही, उलट बरे वाटले. ज्या वर्गात वक्त्याला वयावरून सूट मिळत नाही, तो वर्ग चांगला चालला आहे असे समजावे. पण शंका घेणाऱ्याचीही एक जबाबदारी असते. पुरावा मागितला, तर तो समोर आल्यावर तपासावाही लागतो. त्या दिवशी वेळेअभावी राहून गेलेली मांडणी म्हणून येथे करीत आहोत.

आम्ही या विषयाकडे हौसेने वळलो नाही. बारावीनंतरच्या प्रवेशासाठी जातवैधता प्रमाणपत्र हवे होते. शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या नावातले एक अक्षर चुकले होते. तेवढ्यावरून एका कार्यालयाच्या खिडकीतून आमची फाईल चार वेळा परत आली. प्रत्येक खेपेला वडिलांचा कामावर खाडा. प्रमाणपत्र मिळाले, पण प्रवेशाची मुदत संपल्यावर. एक वर्ष गेले. पुढे शिक्षण झाले, नोकरी लागली, मात्र ती खिडकी झोपेत शिरली ती निघेना. स्वप्नात आम्ही रांगेत उभे असतो, मागे बाकावर वडील जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसलेले असतात, आणि आतला माणूस कागद उलटसुलट करून म्हणतो, "हे तुमचं नाव नाही." ओरडायला जावे तर आवाज फुटत नाही. घामाने भिजून जाग येते. आठवड्यातून दोन-तीनदा, अनेक वर्षे हेच चालले होते.

शेजारच्या काकूंनी आईला सल्ला दिला, "पोराला बाहेरचं झालंय, एकदा देवऋषाकडे नेऊन आणा." आई म्हणाली, "ते आम्ही कधीच सोडलं." आईचे उत्तर बरोबर होते. पण देवऋषी नाकारला म्हणून झोप लागत नव्हती. अंधश्रद्धा सोडली की खोटे उत्तर सुटते, प्रश्न तसाच उरतो. खरे उत्तर आपल्यालाच शोधावे लागते. ते शोधताना या विषयावरची माहिती हाती लागली.

झोप म्हणजे मेंदूचा संपूर्ण अंधार नव्हे. १९५३ साली शिकागो विद्यापीठातील युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिले की, झोपेत ठराविक काळाने डोळे पापण्यांआड भराभर हलू लागतात आणि त्या वेळी उठवले तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. या झोपेला रेम झोप म्हणतात. तिच्यात मेंदू चांगलाच कामात असतो, पण हातापायांचे स्नायू सैल पडलेले असतात. कधी जाग येऊनही काही क्षण स्नायू मोकळे होत नाहीत, शरीर हलत नाही, छातीवर कुणी बसल्याचा भास होतो. गावाकडे यालाच भूत बसले म्हणतात आणि त्यावर कोंबडी कापली जाते.

स्वप्नात भान येण्याच्या अनुभवाला 'ल्युसिड ड्रीम' हे नाव डच डॉक्टर आणि लेखक फ्रेडरिक व्हॅन ईडन यांनी १९१३ साली दिले. आपण त्याला सजग स्वप्न म्हणू. मात्र नाव दिल्याने पुरावा होत नाही. आमच्या वर्गातल्या पोरांनी विचारला तोच प्रश्न तेव्हाचे शास्त्रज्ञही विचारीत होते. जागा झाल्यावर माणूस काहीही सांगेल, ते खरे कशावरून? त्या क्षणी तो अर्धवट जागा नव्हता कशावरून?

याचे उत्तर डोळ्यांनी दिले. रेम झोपेत बाकीचे शरीर सैल असले तरी डोळे हलतात. मग झोपण्यापूर्वीच खूण ठरवली तर? इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी हा प्रयोग केला. १२ एप्रिल १९७५ रोजी अ‍ॅलन वर्सली या माणसाने, स्वप्नात भान येताच, ठरल्याप्रमाणे डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवले. यंत्रावर ती खूण उमटली आणि त्याच वेळी इतर नोंदी तो झोपेत असल्याचे दाखवीत होत्या. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच सिद्ध करून १९८१ साली प्रसिद्ध केले.

२०२१ साली अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स येथील प्रयोगशाळांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. स्वप्नात असलेल्या माणसाला बाहेरून प्रश्न विचारले. 'आठातून सहा गेले तर किती?' अशासारखे. उत्तर डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या हालचालीने द्यायचे होते. ३६ जणांनी भाग घेतला. झोपेत भान आल्याची खूण मिळाल्यावर १५८ वेळा प्रश्न विचारले गेले. २९ वेळा बरोबर उत्तर आले, ५ वेळा चुकीचे. काही उत्तरे संदिग्ध होती आणि निम्म्याहून अधिक वेळा उत्तरच आले नाही. बुवाच्या दरबारात उपाय शंभर टक्के लागू पडतो. येथे अपयशही मोजून छापले आहे. भोंदूगिरी आणि विज्ञान यांतला फरक ओळखायला आम्हाला हीच खूण सर्वांत सोपी वाटते.

आता कृती. तिला ना मंत्र लागतो, ना पैसा. उशाशी वही ठेवावी आणि उठल्याबरोबर स्वप्न लिहावे. स्वप्नात कागदावरची अक्षरे सहसा टिकत नाहीत. नजर काढून पुन्हा वाचले की बदलतात. म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा कोणताही मजकूर वाचायचा, नजर वळवायची, पुन्हा वाचायचा आणि मनापासून विचारायचे, 'आपण आत्ता जागे आहोत का?' सवय लागली की हा प्रश्न कधीतरी स्वप्नातही पडतो. पहाटे स्वप्नातून जाग आली तर ते आठवावे आणि 'पुढच्या स्वप्नात मला ते ओळखायचे आहे' असा निश्चय करून पुन्हा झोपावे. ही लाबर्ज यांची पद्धत. ती सर्वांना साधत नाही, आणि साधली तरी रोज साधत नाही.

आम्हाला तीन महिने काही साधले नाही. मग एका रात्री तीच रांग, तीच खिडकी. आतल्या माणसाने कागद पुढे सरकवला. आम्ही सवयीने दोनदा वाचला. पहिल्यांदा आमचे नाव होते, दुसऱ्यांदा भलतेच काहीतरी, तिसऱ्यांदा कागद कोरा. तेव्हा कळले, अरे, हे तर स्वप्न आहे!

त्या माणसाला चार शब्द सुनवावेत असे जागेपणी कितीदा ठरवले होते. प्रत्यक्षात आम्ही मागे वळलो. इतक्या वर्षांत त्या स्वप्नात एकदाही मागे पाहिले नव्हते. वडील बाकावर बसले होते. आम्ही जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने स्वप्न मोडले. वडील जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. तो त्यांचा आत्मा नव्हता, आमच्याच मेंदूने उभी केलेली आठवण होती, हे आम्हाला तेथेही ठाऊक होते. तरी बरे वाटले. ठाऊक असल्याने बरे वाटणे कमी झाले नाही.

त्यानंतर ते स्वप्न विरळ झाले. पूर्ण गेले नाही. आमच्या एकट्याच्या अनुभवाने काही सिद्ध होत नाही, आणि दुःस्वप्नांवर या उपायाचे झालेले अभ्यासही लहान आहेत. ज्यांना मानसिक आजाराचे उपचार चालू आहेत, ज्यांना जागेपणीही खरे-खोटे वेगळे करणे जड जाते, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नये. परीक्षेच्या दिवसांत झोपमोड करून प्रयोग करू नयेत. आणि यावर शिबिरे, मुखवटे, अ‍ॅप विकणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नये.

वर्गातला खरा आक्षेप शेवटी आला. मागे बसलेली एक ताई म्हणाली, "दादा, स्वप्नातली खिडकी सोडून तुम्ही मागे वळलात. खरी खिडकी तिथंच आहे ना?"

आहे. स्वप्नात कितीही जिंकलो तरी फाईल इंचभर सरकत नाही. तिच्यासाठी अर्ज लागतो, अपील लागते, माहितीचा अधिकार लागतो, संघटना लागते. सजग स्वप्नाला संघर्षाचा पर्याय म्हणणाऱ्याला आम्हीच प्रथम विरोध करू. आमचे म्हणणे फार छोटे आहे. अन्याय दिवसा एकदा होतो आणि रात्री पुन्हा पुन्हा होत राहतो. ती रात्रीची वसुली थांबवता आली, तर थांबवावी. आम्ही दर रविवारी त्याच विहारात पोरापोरींचे जातवैधतेचे अर्ज तपासतो, नावातले अक्षर न् अक्षर जुळवून पाहतो. रात्रभर नीट झोपून आलेल्या माणसाच्या नजरेतून चुका कमी सुटतात.

ब्रह्मजाल सुत्तात श्रमणाने ज्या विद्यांवर पोट भरू नये त्यांची मोठी यादी आहे. त्या यादीत स्वप्नांचे फळ सांगणेही आहे. म्हणजे दुसऱ्याचे स्वप्न वाचून पोट भरणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. तेव्हा मित्रांनो, आमच्यावरही विश्वास ठेवू नका. वही घ्या, महिनाभर लिहा, आणि पुढच्या वर्गात आमचे कुठे चुकले ते सांगा.