बाळूस विचारणे

स्वस्ताईच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाला मी सहसा अडवत नाही. 'आमच्या वेळी रुपयात पिशवी भरून भाजी यायची आणि वर चार आणे उरायचे' असं कोणी म्हणालं की मी मान डोलावतो. बँकेच्या काउंटरवर आयुष्य काढलेल्या माणसाला पेन्शनरांच्या रांगेपुढे मान डोलावायची सवय असतेच. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. या गोष्टींतली पिशवी नेहमी भरलेली असते. पण तो रुपया कुठून आणला होता, हे कोणीच सांगत नाही.

मला ते कळलं आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्यांमुळे.

दिवाळीच्या आधी माळा साफ करताना एक गाठोडं खाली आलं. "ही रद्दीत घालू ना?" असं सौ.ने विचारलं. हिशेबाची वही आणि रद्दी! बी.कॉम. झालेल्या माणसासमोर हे शब्द एका वाक्यात उच्चारणं म्हणजे पुजाऱ्यासमोर देव भंगारात घालण्यासारखं आहे. मी गाठोडं घेऊन गॅलरीत बसलो, आणि माळा त्या दिवशी अर्धाच साफ झाला. (अजून अर्धाच आहे.)

सगळ्यात वरची वही 1961 सालची. कडा फुगलेल्या, पानं पिवळी, पण अक्षर असं की छापखान्याने लाजावं. त्या साली आजोबांचं वय माझ्या आजच्या वयाएवढं. कचेरीत कारकून, पगार महागाई भत्त्यासकट रुपये 168. नारायण पेठेत नदीच्या अंगाला, एका वाड्यात दोन खोल्या, भाडं 14 रुपये. साखर किलोला 1 रुपया 16 नवे पैसे. वाचून पहिल्यांदा माझ्याही तोंडाला पाणी सुटलं. मग सवयीने भागाकार केला. सगळ्या पगाराची साखर आणली असती तरी जेमतेम 145 किलो. माझ्या पगाराची किती येते हे मी सौ.समोर सांगणार नाही, पण त्याहून पुष्कळ जास्त येते. म्हणजे स्वस्ताई होती खरी, फक्त ती आजोबांना परवडत नव्हती.

तसं त्यांनी वहीत लिहूनही ठेवलंय. 12 एप्रिल 1961 ला युरी गागारिन अंतराळात जाऊन आला. दुसऱ्या दिवशी आजोबांनी जादा वर्तमानपत्र घेतलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'रशियन मनुष्य वर जाऊन सुखरूप खाली आला. खोबरे वर गेले ते वरच आहे.'

रेडिओचंही तसंच. विविधभारती सुरू होऊन चार वर्षं होत आली होती आणि ती आमच्या घरी भिंतीपलीकडून, शेजाऱ्यांच्या खर्चाने, ऐकू येत होती. रेडिओ घ्यायचा म्हणजे जवळजवळ दोन पगार, शिवाय दरसाल पोस्टात जाऊन लायसन्सचे पैसे भरायचे. म्हणून दर महिन्याच्या शेवटच्या पानावर एकच नोंद : 'रेडिओ : विचार चालू.' जानेवारीत विचार चालू, फेब्रुवारीत चालू, जूनमध्येही चालू. हल्ली आमच्या बँकेत कर्जाचे काही अर्ज असेच चालतात.

पण त्या काळाची खरी मजा नाण्यांत होती. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे झाले. सरकारने कागदावर आणे बंद केले, पण लोकांच्या तोंडातले कोण बंद करणार? भाजीवाली आण्यात भाव सांगे आणि पैसे नव्यात घेई. आता, एका आण्याचे होतात सव्वासहा नवे पैसे. सव्वा कुठून आणायचा? म्हणून कोष्टक निघालं : एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे म्हणजे बारा, तीन आणे म्हणजे एकोणीस, चार आणे म्हणजे पंचवीस.

तुम्ही आम्ही हे कोष्टक वाचून सोडून दिलं असतं. आजोबांनी त्यात भोक शोधलं. तीन आण्यांचा माल एकदम घेतला तर एकोणीस पैसे, पण एकेक आण्याचा तीनदा घेतला तर अठराच! एक नवा पैसा निव्वळ नफा! तेव्हापासून कोथिंबीर, लिंबं आणि काड्यापेटी एका फेरीत आणायची नाही, असा घरात नियम झाला. मुलाने एक जिन्नस आणायचा, घरी येऊन टेकायचं आणि पुन्हा जायचं. मुलगा म्हणजे माझे वडील, वय वर्षे नऊ, घरचं नाव बाळू. त्यांच्या पायांतल्या वहाणा किती झिजल्या याचा हिशेब मात्र वहीत सापडला नाही. वडिलांचे पाय आज दुखतात. डॉक्टर वय झालं म्हणतात, वडील दशमान पद्धतीला दोष देतात.

तर अशी पानं उलटता उलटता मी 12 जुलै 1961, बुधवार, या पानावर आलो. कचेरीत जाण्यापूर्वी सकाळीच हिशेब लिहायचा, असा आजोबांचा शिरस्ता. शिल्लक रुपये 41.63. खर्च : मेथी 12 न.पै., मिरची-कोथिंबीर 6, काड्यापेटी 6, पोस्टकार्डे दोन 10, साखर अर्धा किलो 58, रॉकेल 25. एकूण 1.17. हातात राहायला हवेत 40.46. आजोबांनी पाकीट मोजून लिहिले आहेत 40.43. खाली तांबड्या शाईत : '3 न.पै. कमी. बाळूस विचारणे.'

कॅशमध्ये फरक आला की माझ्या पोटात खड्डा पडतो. मी ताबडतोब पान उलटलं. पुढे बाळूस विचारल्याची नोंद नाही. शाईही नाही. त्याच तारखेखाली, मोडक्या पेन्सिलीने, थरथरत्या अक्षरात भलतंच काहीतरी लिहिलेलं.

पुण्याच्या माणसाला 12 जुलैचं काय झालं ते सांगायला नको, पण तुम्ही परगावचे असाल तर सांगतो. त्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं. ते पुरतं बांधून व्हायचं होतं, आणि पाणी अडवण्याचा त्याचा तो पहिलाच पावसाळा. त्या लोंढ्याने दुपारी खालचं खडकवासल्याचं धरणही फुटलं आणि मुठा नदी पेठांत शिरली. लकडी पूल पाण्याखाली गेला. आजोबा छत्री घेऊन कचेरीत निघाले होते. पाहतात तो नदीकडून माणसं उलटी धावत येतायत. ते तसेच मागे फिरले.

यापुढची हकिकत मी लहानपणी आजीकडून इतक्यांदा ऐकली आहे की तिच्या आवाजातच सांगितलेली बरी : "मी देव घेतले, लोणच्याची बरणी घेतली, कडेवर धाकटी घेतली. बाळूने माझा पदर घट्ट धरलेला. आणि हे! घर बुडतंय, माणसं पर्वतीकडे पळतायत, आणि ह्यांनी काय घेतलं? तर जमाखर्चाची वही! म्हटलं, अहो, आता जमा काय नि खर्च काय?" आजोबा यावर जन्मभर एकच उत्तर देत : "महिना अर्धा व्हायचा होता."

दोन खोल्या, आधीच्या सगळ्या सालच्या वह्या, साखर अर्धा किलो आणि शेजाऱ्यांचा रेडिओ, सगळं मुठेने नेलं. जुलैच्या शेवटच्या पानावर नोंद आहे : 'रेडिओ घेतला नव्हता ते बरे झाले.'

पण मी सांगत होतो ती पेन्सिलीतली नोंद. 'सायंकाळ. मुक्काम शाळेत. पोळ्या 9, बटाट्याची भाजी. एका बाईंनी आणून दिल्या. नाव विचारायचे राहिले. जमा कोणाच्या नावे?' आणि रकमेचा रकाना कोरा.

त्या पानापुढे मी बराच वेळ बसलो. आमच्या धंद्यात नाव नसलेली जमा म्हणजे मोठं संकट. ती सस्पेन्स खात्यात टाकतात आणि ऑडिटर येईपर्यंत तिच्याकडे कोणी पाहत नाही. दुसऱ्या दिवशी 'पाणी आलं, पाणी आलं' अशी खोटीच हूल उठली आणि गाव पुन्हा धावलं. त्या पळापळीत ती बाई परत कशी सापडणार? आजोबांनी ऑगस्टमध्ये तीनदा त्या शाळेपाशी जाऊन चौकशी केल्याचं दिसतं. 'तपास लागला नाही', 'लागला नाही', 'लागला नाही.' दरम्यान खर्चाला पातेली दोन, सतरंजी, बाळूची पाटी. भाड्याच्या रकान्यात 'खोल्या नाहीत.'

मग मी पुढच्या सालांच्या वह्या काढल्या. डिसेंबर 1967, कोयनेचा भूकंप : 'पोळ्या खाती रु. 11.' साल 1972, दुष्काळ : 'पोळ्या खाती रु. 25.' मध्येमध्ये दोन रुपये, पाच रुपये, कोणाला ते लिहिलेलं नाही. आणि 1993 चा ऑक्टोबर. किल्लारीचा भूकंप होऊन थोडे दिवस झाले होते. आजोबा पंचाहत्तरीचे, अक्षर पार वाकलेलं : 'पोळ्या खाती रु. 501.' इतर सगळी खाती त्यांनी दर 31 मार्चला जुळवून, खाली दोन रेघा मारून बंद केलेली आहेत. या खात्याखाली रेघ कुठेच नाही. नऊ पोळ्यांची किंमत किती, हे बत्तीस वर्षांत त्यांना ठरवता आलं नाही.

वही घेऊन मी वडिलांकडे गेलो. ते आरामखुर्चीत पाय वर करून बसले होते. (दशमान पद्धत.) मी म्हणालो, "बाबा, 12 जुलै 1961 ला तीन नवे पैसे कमी आहेत."

आजकाल वडिलांना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. पण या प्रश्नावर ते खुर्चीत सरळ झाले. "सापडली वाटतं नोंद?"

"तांबड्या शाईत आहे."

"लिमलेटच्या गोळ्या," ते म्हणाले. "तीन. काड्यापेटीच्या फेरीला." मग थोडा वेळ गप्प राहिले. "एक खाल्ली होती. दोन चड्डीच्या खिशात होत्या. रात्री शाळेत पाहिलं तर विरघळून गेलेल्या. अरे, मला कितीतरी वर्षं वाटायचं की धरण त्यामुळेच फुटलं."

"आजोबांना सांगितलं नाहीत?"

"ते विचारतील म्हणून रोज वाट पाहत होतो. त्यांनी विचारलंच नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं रे."

काय बोलावं ते मला सुचेना. सुचलं नाही की मी व्याज काढतो. तीन नव्या पैशांवर द. सा. द. शे. चार टक्के, चक्रवाढ. हिशेब सोपा जावा म्हणून साठच वर्षं धरली. साडेएकतीस पैसे झाले, म्हणजे जुन्या भाषेत पाच आणे आणि वर थोडंसं. "पण बाबा, हे भरायला नाणी नाहीत. पंचवीस पैशांपर्यंतची नाणी 2011 साली चलनातून गेली."

वडिलांनी खुर्चीवर टांगलेल्या शर्टाच्या खिशातून एक रुपया काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"यातले तीन पैसे आणि व्याज वहीत भर," ते म्हणाले.

"आणि उरलेले?"

"उरलेले पोळ्या खाती टाक."