पलंग का सरकवला

मंडळी, आजचा विषय ऑफिसच्या लंच टेबलवर निघत नाही. कॅन्सर झाल्यावर नवरा-बायकोच्या शरीरसंबंधांचं काय होतं? मी डॉक्टर नाही, हिंजवडीत बसून कोड लिहितो. पण माझं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, आणि आमच्याकडं कॅन्सर म्हटलं की आधी तोंडाचाच आठवतो. कारण खर्रा. पुणेकरांसाठी खुलासा: सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन घोटायचा, की झाला खर्रा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. खर्रा मिळतोच.

माझा शाळेपासूनचा मित्र दिग्रसकडं दुकान चालवतो. (त्याला विचारून, खुणा बदलून लिहितोय.) तिशीतच उजव्या गालात गाठ निघाली. आमच्याकडचे लोक नागपूरला तुकडोजी हॉस्पिटलला जातात, सेवाग्रामला जातात, कोणी थेट मुंबईला टाटात. तो कुठं गेला ते सोडा. ऑपरेशन झालं, गालासोबत जबड्याचा तुकडाही गेला, तिथं छातीवरचं कातडं मांसासकट आणून लावलं. मग रेडिएशन. छातीवर केस असतील तर ते पुढं तोंडात उगवू शकतात, हे मला त्याच्याकडूनच कळलं. हसून सांगत होता. मला काही हसू आलं नाही.

डिस्चार्जच्या कागदावर औषधं होती, पथ्य होतं, तारीख होती. बायकोजवळ जायचं की नाही, याबद्दल एक ओळ नाही.

"डॉक्टरले कसं विचारू बे? मांगं पन्नास जण लाइनीत उभे."

आणि घरात तर आनंदच. त्याच्या आत्यानं वहिनींना सांगून टाकलं, वेगळं झोप, लागण होते. साफ खोटं! कॅन्सर स्पर्शानं लागत नाही, चुंबनानं नाही, संबंधानंही नाही. बाहेरून मशिननं दिलेलं रेडिएशनही अंगात साठून दुसऱ्याला बाधत नाही. केमो चालू असेल तर मात्र काही दिवस औषधाचा अंश शरीरातल्या स्रावांत उतरू शकतो. म्हणून कंडोम वापरायचा, आणि त्या काळात गर्भ राहू द्यायचा नाही. रक्तातल्या पेशी फार उतरल्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

पण मित्राची अडचण लागणीची नव्हतीच. त्याला स्वतःच्या तोंडाची शरम वाटायची. लाळ गळायची, वास यायचा, तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं. तो भिंतीकडं तोंड करून झोपायचा. वहिनींना वाटलं, आपण नकोशा झालो. त्याला वाटायचं, तिला किळस येत असेल. चार महिने दोघं गप्प. (आमच्या टीममध्ये दोन मॉड्यूल एकमेकांच्या उत्तराची वाट बघत अडकून पडतात, त्याला डेडलॉक म्हणतात. असो.)

कोंडी वहिनींनीच फोडली. पलंग भिंतीला लागून, त्या नेहमी उजवीकडं, म्हणजे नेमक्या कापलेल्या बाजूला. एका दुपारी त्यांनी पलंग ओढला आणि डावीकडं जागा केली.

"काऊन सरकवला वं?" सासूबाई.

"पंख्याचं वारं लागत नाही तिकडं."

मग हळूहळू बाकीचं जमलं. झोपण्याआधी मीठ-सोड्याच्या कोमट पाण्यानं गुळण्या. उशाशी टॉवेल. सुरुवातीला फक्त पायाला तेल लावणं, पाठीवर हात, बस. पुढं काही व्हायलाच पाहिजे अशी अट नाही. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन जोडीनं १९७० च्या पुस्तकात हेच मांडलं: आधी नुसता स्पर्श, संबंधाची घाई बाजूला. यांनी ते पुस्तक पाहिलेलंही नाही.

समुपदेशनात 'प्लिसिट' नावाची एक पद्धत आहे, जॅक ॲननची, १९७६ ची. तिची पहिली पायरी आहे परवानगी, म्हणजे या विषयावर इथं बोललं तर चालतं, हे डॉक्टर-नर्सनं आधी सांगायचं. लिनक्सवाल्यांना पटेल, परमिशन नसेल तर फाइल असून उघडत नाही. आपल्याकडं र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य'मधून लोकांच्या असल्या प्रश्नांना उत्तरं देत होते. त्यापायी कोर्टातही गेले, १९३४ साली त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. एवढं होऊनही ओपीडीत आपण गप्पच!

बायकांचं तर याहून वाईट. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला आतून रेडिएशन देतात, त्यानंतर योनिमार्ग आखडू शकतो, कोरडा पडतो. त्यासाठी डायलेटर असतात, पाण्यावर आधारलेलं वंगण केमिस्टकडं मिळतं. हे बाईनं कोणाला विचारायचं? नवऱ्याला माहीत नसतं, सासूला विचारता येत नाही. माझ्या मते हे डिस्चार्जच्या कागदावरच छापायला हवं, पथ्याच्या शेजारी.

मित्राला आता तोंड उघडायचा व्यायाम दिलाय. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, दर काही दिवसांनी एक वाढवायची. परवा फोन केला.

"किती झाल्या बे काड्या?"

"अठरा."

मागून वहिनींचा आवाज आला, "एकोणीस झाल्या, भाऊजी. मी मोजते ना."